पिल्लू अंगणात नको, बकऱ्यांच्या कोठ्यात निजवा

भादव्यात लागलेली कुत्री साधारण 63 दिवसांनी, म्हणजे कार्तिकात व्याते. तिची पिल्लं मार्गशीर्ष-पौषात सहा ते आठ आठवड्यांची होतात. बकऱ्यांचा राखणदार घडवायचा हंगाम हाच, आणि तो दोन महिन्यांत सरतो.

दरवर्षी चूक तीच होते. थंडी आहे म्हणून पिल्लू घरात घेतात, पोरं खेळवतात, संक्रांतीपर्यंत ते घरचं होतं. पुढे वावरातल्या कोठ्यावर नेऊन बांधलं की रात्रभर गावाकडे तोंड करून रडतं, दोर तोडून घरी येतं. इकडे मोकाट कुत्र्यांची टोळी नाहीतर लांडगा कोठ्यात शिरतो. मग खापर फुटतं गावठी जातीवर.

आठव्या ते सोळाव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या वासात झोपतं, त्यांनाच ते आपलं मानतं. म्हणून पहिल्या रात्रीपासून कोठ्यात:

- कोपऱ्यात 4 बाय 4 फुटांचा आडोसा, तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा. खाली पिल्लापुरतं भोक. बकरी आत येऊ नये.
- बकऱ्यांखालचं जुनं पोतं, वर कोरडं तणस. थंडीला एवढं पुरतं.
- सोबत तीन-चार शांत बकऱ्या. मारका बोकड आणि नुकती व्यालेली बकरी नको.
- खाणंपिणं तिथंच. दिवसातून दोनदा मालकाने हात फिरवावा, गळ्यात दोर घालून चालवावं. पोरांचा खेळ बंद.

निवडताना आधी माय पाहा. ती कळपात निजणारी असेल तर अर्धं काम झालं. करडू जवळ आल्यावर नजर वळवून खाली बसणारं पिल्लू घ्या. करडाच्या कानाला लोंबणारं, सारखं भुंकणारं सोडा. वीसनख्या कुत्रा जागा राहतो असं म्हणतात. नखं मोजा हवी तर, पण मायला पाहिल्यावर.

विक्रेते जर्मन शेफर्ड किंवा लांब केसांची परदेशी पिल्लं गळ्यात मारतात. जर्मन शेफर्डचा मूळ धंदा मेंढ्या हाकायचा, त्यांच्यात निजायचा नव्हे. लांब केसांच्या कुत्र्याचे आपल्या 45 अंशांच्या मे महिन्यात हाल होतात. कारवानी शिकारी, सशामागे धावणारा. महागडं पिल्लू अंगणात वाढवलं तर तेही अंगणाचंच होतं. दुकानातले कॅल्शियमचे डबेही राहू द्या. भाकरीसोबत ताक आणि रोज एक अंडं द्या.

नेहमीची कामं:

- डिस्टेंपर-पार्व्होची लस: 6–8 आठवड्यांपासून, दर 3–4 आठवड्यांनी, 16 आठवड्यांपर्यंत.
- रेबीज: 3 महिन्यांनी, महिन्याने पुन्हा, मग दरवर्षी.
- जंत: 3 महिन्यांपर्यंत दर 15 दिवसांनी, नंतर दर 3 महिन्यांनी. मोठ्या कुत्र्याला पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल, किलोमागे 5 मिलिग्रॅम.
- बकऱ्यांचं आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांचं औषध) कुत्र्याला अंदाजाने टोचू नका. आधी डॉक्टरला विचारा.

मेलेल्या बकरीचं मुंडकं कच्चं टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतो, त्याची अंडी चाऱ्यातून बकरीच्या पोटात जातात, त्यातली अळी मेंदूत पोचते, तिथे पाण्याचा फोड धरतो आणि बकरी गोल गोल फिरायला लागते.

पाच महिन्यांनंतर पिल्लू खेळाखेळात करडांमागे धावतं, कान चावतं. मारू नका. गळ्यात लोढणं अडकवा, पुढच्या गुडघ्यांना आडवं लागेल असं. पळालं की तेच ठोकर देतं. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत कळप एकट्यावर सोडू नका. दुसरं पिल्लू वर्षानंतर आणा. एका वेताची दोन आणली तर ती बकऱ्या सोडून एकमेकांतच रमतात. सहा-आठ महिन्यांनी खच्चीकरण करा, नाहीतर भादवा लागला की राखणदार आठवडाभर गायब.

बिबट्याचा भाग असेल तर कुत्रा रात्री बांधून ठेवू नका. बिबट्याला कुत्रा आवडतो, बांधलेला तर आयताच. कोठ्याला वरूनही जाळी हवी. गळ्यात बाहेर टोकं असलेला खिळ्यांचा पट्टा, आतून चामड्याचा दुसरा थर. दोन बोटं जातील इतका सैल ठेवा आणि आठवड्याला काढून जखम पाहा. वाघापुढे कुत्र्याचा उपयोग नाही. ताडोबाच्या आसपास पक्का कोठाच बांधा.

पिल्लू आधीच अंगणात आणलं असेल आणि बारा आठवडे झाले नसतील, तर आज संध्याकाळीच कोठ्यात न्या. सोळा उलटले असतील तर त्याला घरच राखू द्या. कोठ्यासाठी पुढच्या कार्तिकात दुसरं बघा.