सोसायटीतील मुलांचा खो-खो कसा सुरू करावा आणि तो खिलाडूपणे कसा चालवावा

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला किंवा नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत कोणत्याही मोठ्या वसाहतीत संध्याकाळी पाच वाजता खाली उतरले, तर बारा-पंधरा शाळकरी मुले सहज दिसतात. त्यातली चार-पाच क्रिकेट खेळत असतात आणि उरलेली आपली फलंदाजी कधी येईल याची वाट पाहत कठड्यावर बसलेली असतात. एवढ्या मुलांना एकाच वेळी गुंतवणारा, बॅट-बॉलचा खर्च नसलेला आणि खिडक्यांच्या काचांना धोका न पोहोचवणारा खेळ हवा असेल, तर खो-खोइतका सोयीचा खेळ दुसरा नाही. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो कसा उभा करावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

जागा निवडणे

पहिली अट मातीची. बहुतेक नव्या संकुलांत मुलांसाठी ठेवलेली जागा म्हणजे पोडियमवरच्या फरश्या किंवा पेव्हर ब्लॉक असतात. खो-खोमध्ये खेळाडू क्षणात थांबतो, वळतो, पडतो. फरशीवर त्याचा परिणाम गुडघे आणि घोटे यांना भोगावा लागतो आणि पावसाळ्यानंतर ब्लॉकांच्या फटींत शेवाळ असेल तर धोका आणखी वाढतो. त्यामुळे आवारात माती नसल्यास जवळच्या मैदानावर जावे. नवी मुंबईत बऱ्याच सेक्टरांमध्ये चालत जाता येईल असे मैदान असते. ठाण्यात मात्र थोडी शोधाशोध करावी लागते. सुट्टीच्या सकाळी अशी मैदाने क्रिकेटच्या संघांनी भरलेली असतात, म्हणून शक्यतो आठवड्यातील दोन संध्याकाळी ठरवून घ्याव्यात आणि मैदानाची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवावे. खेळापूर्वी एका मोठ्या माणसाने संपूर्ण जागा पायाखालून घालून काचा, खडे, तारांचे तुकडे आणि खड्डे पाहावेत. हे काम मुलांवर सोपवू नये.

मैदान आखणे

प्रौढांच्या सामन्याचे प्रचलित मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असते, प्रत्येक संघात 12 खेळाडू असतात आणि त्यांपैकी नऊ प्रत्यक्ष मैदानात उतरतात: आठ जण मधल्या पाटीवर बसतात आणि नववा पाठलाग करतो. हे सगळे मुलांवर लादण्याची गरज नाही. चौदा मुले असतील तर सहा-सहांचे दोन संघ करावेत आणि उरलेल्या दोघांना पंच नेमावे. मग पाच जण बसतील आणि एक जण धावेल.

मैदानाच्या मधोमध 30 सेंटिमीटर रुंदीची पाटी फक्कीने आखावी. तिच्यावर दोन-दोन मीटरच्या अंतराने पाच चौकोन काढावेत आणि दोन्ही टोकांच्या चौकोनांपासून अडीच मीटरवर खांबाची जागा धरावी. खांबांच्या पलीकडे दीड-दीड मीटर मोकळी जागा सोडली, की एकूण लांबी सुमारे 16 मीटर होते; रुंदी आठ-नऊ मीटर पुरते. फक्कीसाठी चुना वापरू नये, कारण तो डोळ्यांत गेला तर इजा होते. पांढऱ्या रांगोळीने काम भागते.

नियमाप्रमाणे खांब जमिनीपासून सुमारे 120 सेंटिमीटर उंच असतो. खणण्याची परवानगी असेल तर गुळगुळीत तासलेला बांबू दीड फूट खोल पुरावा आणि त्याचे वरचे टोक कापडाने गुंडाळावे. परवानगी नसेल तर खांबाच्या जागी फक्कीचे वर्तुळ पुरे. वाळू भरलेल्या बादलीत उभी केलेली काठी मात्र वापरू नये. धावते मूल बादलीच्या कडेवर आपटते.

संघ पाडणे

दोन कर्णधारांनी एकेकाचे नाव घेत गडी निवडायचे आणि शेवटी उरलेल्या मुलाने सर्वांसमोर एकटे उभे राहायचे, ही पद्धत मी कधीही वापरू देत नाही. त्या उभ्या राहण्यामुळे कितीतरी मुले मैदानाकडे कायमची पाठ फिरवतात. आपल्याकडची जुनी रीत याहून फार चांगली आहे. साधारण एकाच तोडीच्या दोघांनी जोडी करून बाजूला जावे, गुपचूप दोन नावे ठरवावीत आणि गळ्यात हात घालून येऊन कर्णधारांना विचारावे, ‘आंबा हवा की पेरू?’ ज्याने आंबा मागितला त्याला आंबा मिळतो. संघ समतोल होतात आणि कोणीही नाकारलेला राहत नाही.

अंग मोकळे करणे आणि बसायला शिकवणे

सुरुवातीला दहा मिनिटे हलके धावणे, घोटे फिरवणे आणि दोन्ही पायांवर आळीपाळीने लंगडी घालणे पुरेसे आहे. त्यानंतरचा वेळ बसण्यावर खर्च करावा, कारण खो-खोचा अर्धा वेग बसण्याच्या पद्धतीत असतो. मुलाने चवड्यांवर बसावे, दोन्ही हातांची बोटे समोर जमिनीला टेकवावीत, कंबर किंचित वर ठेवावी आणि मान ताठ ठेवून पळणाऱ्यावर नजर धरावी. शेजारी-शेजारी बसलेल्यांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना असतात, हे पहिल्या दिवशी दोन-तीनदा सांगावे लागते.

नियम क्रमाने देणे

सगळे नियम एकाच दिवशी सांगितले तर लहान मुले गोंधळतात. पहिल्या आठवड्यात तीनच नियम द्यावेत. खो पाठीमागूनच द्यायचा, आणि पाठीला हात लावणे व ‘खो’ म्हणणे या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या पाहिजेत. खो मिळण्याआधी कोणी उठायचे नाही. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याच दिशेने जायचे आणि मधली पाटी ओलांडायची नाही. बाजू बदलायची असेल तर खांबाला वळसा घालावा किंवा दुसऱ्याला खो द्यावा. पळणाऱ्यांना ही बंधने नसतात, ते पाटीवरून हवे तिकडे जाऊ शकतात. खेळातली सारी गंमत या फरकात आहे, म्हणून तो मुलांना प्रत्यक्ष चालून दाखवावा.

तिसरीतली एखादी मुलगी ‘खो’ ऐकताच उसळून उठते, पण हात अजून तिच्या पाठीला लागलेला नसतो. पंच शिट्टी वाजवतो, फाऊल. पाठलाग करणाऱ्याला आता उलट दिशेने जावे लागते आणि त्याच्या समोरचा गडी निसटतो. खो देणारे मोठे मूल अशा वेळी ‘काय गं, कळत नाही का?’ म्हणून खेकसते. तेव्हा खेळ थांबवावा आणि त्याच दोघांकडून तो खो पुन्हा करून घ्यावा: आधी स्पर्श, त्याच क्षणी हाक, मग उठणे. चार-पाच वेळा केल्यावर तिला अचूक क्षण कळतो आणि खेकसणाऱ्यालाही आपला हात उशिरा पोहोचत होता हे समजते.

पळणाऱ्यांना दोन-दोनच्या तुकडीने आत सोडावे; मोठ्या सामन्यात तुकडी तिघांची असते. प्रत्येक पाळी चार-पाच मिनिटांची ठेवावी, बाद झालेल्या प्रत्येक गड्याचा एक गुण मोजावा आणि दोन्ही संघांना पाठलागाच्या दोन-दोन पाळ्या द्याव्यात. साखळी व पालटी ही पळण्याची तंत्रे, खांबाजवळची हुलकावणी आणि सूर, म्हणजे झेप घेऊन गडी बाद करणे, ही कौशल्ये मुलांना हे सगळे अंगवळणी पडल्यानंतरच शिकवावीत. सूर तर मऊ, ओलसर मातीवर आणि जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच शिकवावा.

‘हात लागलाच नाही!’

खो-खोमधली बहुतेक भांडणे या एका वाक्यातून सुरू होतात. मुलांना खिलाडूपणा शिकवायचा असेल, तर त्यावर व्याख्यान देण्याऐवजी या वाक्याची व्यवस्था लावावी. आमच्याकडे ती अशी आहे. आपल्याला स्पर्श झाला आहे हे सर्वांत आधी पळणाऱ्यालाच कळते, म्हणून त्याने स्वतः हात वर करून बाहेर जावे, ही अपेक्षा पहिल्याच दिवशी सांगितली जाते. त्याने हात वर केला नाही आणि पंचांनाही दिसले नाही, तर गडी नाबाद. पंचांनी निर्णय दिला की त्याच्याशी वाद घालायचा नाही. शंका असेल तर कर्णधाराने पाळी संपल्यावर शांतपणे विचारावे. शर्टाच्या टोकाला बोट निसटते लागले, कोणाच्याही लक्षात आले नाही, तरी एखादा मुलगा हात वर करून चालू लागतो. त्या वेळी दोन्ही संघांनी टाळ्या वाजवायच्या, हा आमचा अलिखित नियम आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक मुलाला आळीपाळीने पंच करणे. शिट्टी हातात आल्यावर चार दिशांना एकदम पाहावे लागते, दोन्हीकडून ओरडा ऐकावा लागतो आणि तरीही क्षणात निर्णय द्यावा लागतो. सर्वांत जास्त हुज्जत घालणाऱ्या मुलालाच सलग दोन पाळ्या पंच नेमून पाहावे. त्याची भाषा बदललेली लक्षात येते. पालकांनी मात्र रेषेबाहेर बसावे, कोणाच्याही बाजूने निर्णय मागू नये आणि घरी जाताना ‘जिंकलास का?’ याऐवजी ‘कोणाला खो दिलास?’ असे विचारावे.

पाणी आणि दुखापत

खाडीलगतच्या दमट हवेत घाम फार येतो, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर पाळीनंतर घोटभर पाणी द्यावे. लिंबू सरबत असल्यास उत्तम. खरचटले तर जखम वाहत्या पाण्याने धुवावी. माती खोलवर गेली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. पाय मुरगळला तर चोळू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, पाय उंचावर ठेवावा आणि त्या दिवशी मुलाला पुन्हा खेळवू नये.

पुढची पायरी

काही पालक विचारतात, यातून पुढे काय? जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले आणि त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे आहेत. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट असतात, त्यामुळे गोडी लागलेल्या मुलाने शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटावे.

बाकीच्यांसाठी शेजारच्या सोसायटीशी मैत्रीपूर्ण सामना ठेवावा. त्याआधी दोन्हीकडच्या कर्णधारांनी मैदानाची मापे, पाळीची मिनिटे आणि तुकडीची संख्या एका कागदावर लिहून त्यावर सह्या कराव्यात, दोन्ही बाजूंचा एकेक पंच घ्यावा आणि सामन्याचा अर्धा वेळ संमिश्र संघांनी खेळावा, म्हणजे पुढच्या आठवड्यात मुले एकमेकांना स्वतःहून बोलवायला येतात.