यंत्रमागाच्या कारखान्यात हालचाली टिपायला जाण्यापूर्वी

हालचाली मोजायला अंगाला मार्कर (सांध्यांवरचे खुणेचे ठिपके) चिकटवायचे नसले की तयारी कमी, असं समजून निघू नका. ओपनकॅपसारखं, फोनच्या व्हिडिओवरून हालचाली मोजणारं सॉफ्टवेअर व्हिडिओत खांदा, नितंब, गुडघा शोधतं. जे दिसत नाही तेही बेधडक ठोकून देतं, आणि आकडा मात्र दशांशासकट येतो. म्हणून पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय मारा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दोन मागांमधली वाट अरुंद असते. कांडी बदलायला कामगार वाकला की कमरेखाली काही दिसत नाही. मालकाकडे कडेचा माग मागून घ्या. कामगाराच्या समोरून डावी-उजवीकडे 30 ते 45 अंशांवर दोन आयफोन मावतात का आणि दोन्हींतून त्याचे दोन्ही गुडघे दिसतात का, तेवढं बघा. (विडी वळणाऱ्या बायकांचं काम याहून अवघड: मांडी घातलेली, वर सूप. तिथे गुडघ्याच्या नादी लागू नका, मान आणि पाठ बघा.)

उजेडाचं सामान आपलंच न्या. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/100 सेकंद ठेवलं तर व्हिडिओत काळे-उजळ पट्टे येत नाहीत, पण धागा जोडणारा हात पुसट होतो. शटरचा वेग वाढवला की हात स्पष्ट, पण पट्टे हजर. न लुकलुकणारे एलईडी पॅनेल हाच उपाय.

कॅलिब्रेशनचा (कॅमेऱ्यांना जागा आणि माप कळवण्याचा) चौकटींचा कागद झेरॉक्सवाल्याकडून काढताना ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा आणि दुकानातच पट्टी लावा. 35 मिलिमीटरची चौकट 33 भरली तर पुढची सगळी मापं चुकणार. कागद सपाट प्लायवर चिकटवा. लॅमिनेशन नको, चकाकतं. माग सुरू असले की फरशी थरथरते, त्यामुळे ट्रायपॉडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा. ट्रायपॉड बोटभर जरी सरकला तरी कॅलिब्रेशन पुन्हा करायचं.

लुंगी किंवा ढगळ शर्टात सांधे हरवतात. अंगाबरोबर बसणारी हाफ पँट आणि टी-शर्ट दोन-तीन मापांत बरोबर असू द्या. उंची-वजन तिथेच मोजा, विचारून लिहू नका.

संमतीपत्र मराठीत आणि तेलुगूभाषक कामगारांसाठी तेलुगूतही हवं. व्हिडिओत चेहरा येतो आणि तो व्हिडिओ बाहेरच्या सर्व्हरवर जातो, हे त्यात स्वच्छ लिहा. हे चित्रण उत्पादन मोजायला वापरणार नाही, हे मालकासमोरच बोला. नाहीतर कामगार दिवसभर शाळेत तपासनीस आल्यासारखं काम करतील.

एप्रिल-मेमध्ये सकाळचीच पाळी धरा. पत्र्याखाली फोन तापून बंद पडतात. लेन्सवर कापसाची बारीक तूस बसते, दर टेकनंतर (एका चित्रणानंतर) मऊ कापड फिरवा. निघण्याआधी सॉफ्टवेअरनं काढलेला एका टेकचा सांगाडा स्क्रीनवर चालवून बघा. मागचा पाय मध्येच उडी मारत असेल तर तो टेक तिथेच परत घ्या.