नागपुरात सरकारी कचेरी बांधताना आधी सावली मंजूर करून घ्या

सरकारी इमारतीचा प्रस्ताव टेबलावर आला की सगळे आधी सोलरचं विचारतात. मी बांधकाम खात्यात उपअभियंता होतो, मी पश्चिमेला काय येतंय ते विचारायचो. कचेरी सुटते सव्वासहाला, आणि मे महिन्यात चारनंतरचं ऊन आडवं येऊन थेट टेबलावर पडतं. पश्चिमेला काच लावलीत तर तिथला कारकून दुपारी जागेवर सापडणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे बहुतेक खिडक्या उत्तर-दक्षिणेला येतात. पश्चिमेच्या टोकाला जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं ढकला. प्लॉट वेडावाकडा असेल आणि हे जमत नसेल, तर पश्चिमेला उभ्या पडद्या (भिंतीतून बाहेर काढलेल्या पातळ उभ्या भिंती) किंवा जाळी द्या. तिथे आडवा छज्जा काही कामाचा नाही.

दक्षिणेला मात्र छज्जाच हवा. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. चार फूट उंच खिडकीच्या डोक्यावर दोन फुटांचा छज्जा दिला, तर मार्चअखेरीस भर दुपारी खिडकी पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो, तेव्हा निम्म्या खिडकीतून ऊन आत येतं आणि थंडीत ते हवंच असतं. एवढा हिशेब कागदावर काढून फाइलला जोडा. वरिष्ठांना पटवायला तो पुरतो.

पण राजेहो, खरी लढाई अंदाजपत्रकात असते. जाळ्या, पडद्या, झाडं हे सगळं ‘सुशोभीकरण’ या शीर्षाखाली धरलं, की निधी कमी पडताच पहिली कात्री तिथेच बसते. छज्जे आणि पडद्या आरसीसीच्या, म्हणजे इमारतीच्या मूळ सांगाड्याच्या, नकाशातच घ्यायला लावा. मग त्यांचं लोखंड आणि काँक्रीट मूळ परिमाणात मोजलं जातं, आणि ते वगळायचं म्हटलं तर सगळं डिझाइन पुन्हा करावं लागतं. तेवढी खटपट कोणी करत नाही. आणखी एक: मंजुरी देणारे बरेच साहेब नागपूर हिवाळी अधिवेशनातच पाहतात. डिसेंबरात काचेची दर्शनी बाजू कोणालाही आवडेल. सादरीकरण एप्रिलमध्ये ठेवा, तेही दुपारी.

गच्चीकडे कंजुषी नको. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे सगळ्यात जास्त ऊन छतच खातं. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि वर पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) हे जुनंच काम आहे, गवंड्यांना येतं आणि गळतीही थांबवतं. भिंतींना फ्लाय अ‍ॅशच्या विटा घ्या. त्या ज्या राखेपासून होतात ती कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांची राख हाकेच्या अंतरावर असताना दुरून लाल विटा कशाला आणायच्या?

सगळी इमारत एसीवर टाकू नका. बैठकीची खोली आणि सर्व्हर रूम पुरे. बाकीच्यांना डक्टचा कूलर द्या, कारण एप्रिल-मेची हवा कोरडी असते आणि कूलर झकास चालतो. अट एकच: हवा बाहेर जायला वाट हवी. समोरच्या भिंतीला वर झडपा ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते. पावसाळ्यात कूलर उपयोगाचा नाही, तेव्हा पंखे आणि आमनेसामने खिडक्याच लागतात. आणि हो, कूलरचा झोत फायलींच्या टेबलावर सोडू नका, आधीच आपल्या फायली बऱ्याच उडतात.

पाण्याचं सोपं गणित: नागपुरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १,००० चौरस मीटर गच्चीवरून गळती-बाष्प वजा जाता आठेक लाख लिटर मिळायला हरकत नाही. फक्त प्लॉटवर काळी माती असेल तर शोषखड्डा पायाजवळ खणू नका. ती माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे देते. शिवाय पाणी जिरवतही नाही. गाळणी बसवून पाणी बोअरवेलकडे न्या.

आता सोलर. एक किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. पाण्याच्या टाक्या गच्चीच्या उत्तरेकडे ठेवा, म्हणजे पॅनेलवर त्यांची सावली पडणार नाही. गच्चीवर एक नळ अंदाजपत्रकातच धरा. पॅनेलवरची धूळ धुवायला कोणीही बादली घेऊन चार मजले चढत नाही.