नागपूरच्या उन्हापावसासाठी ताडपत्री कशी निवडावी आणि वापरावी

नागपुरात ताडपत्रीची खरेदी मृगाच्या तोंडावर होते आणि ग्राहकाच्या मनात पाऊस असतो. परंतु इथे ताडपत्रीचे आयुष्य खातो तो मे महिन्यातला ४५ अंशांपर्यंत जाणारा उन्हाळा. त्यामुळे घेताना नुसती जाडी न पाहता थर तपासावेत.

आधी काम ठरवावे. गच्चीसाठी किंवा सोयाबीनच्या गंजीसाठी एचडीपीईची (कडक, मजबूत पॉलिथिनची) साधी ताडपत्री पुरते. ट्रकवर सतत घर्षण होते, तिथे पीव्हीसी या प्लास्टिकचा लेप दिलेले पॉलिस्टर कापड घ्यावे. ते जड असते, पण टिकते. कापडाच्या दोन पदरांमध्ये रबर घालण्याची पद्धत स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये पेटंट केली. नैसर्गिक रबराचे असे कापड लवचिक असले, तरी ऊन आणि हवेतला ओझोन यांमुळे त्याला भेगा पडतात, डिझेल-तेलाने ते फुगते. म्हणून उघड्यावर ते वापरू नये.

साध्या ताडपत्रीत मध्ये एचडीपीईच्या पट्ट्यांचे विणलेले कापड आणि दोन्ही बाजूंना एलडीपीईचा (मऊ पॉलिथिनचा) पापुद्रा असतो. ताण पट्ट्या झेलतात, पाणी पापुद्रा अडवतो, आणि या दोघांची पकड सुटली की ताडपत्री गळू लागते. दुकानात कापलेली कड नखाने खरवडावी. पापुद्रा सहज निघून आतल्या पट्ट्या मोकळ्या झाल्या, तर तो माल नाकारावा. मग वजन करून पाहावे. १२ × १८ फुटांची ताडपत्री सुमारे २० चौरस मीटर भरते. ती २०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅमची) असल्यास वजन ४ किलोच्या आसपास यायला हवे. यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिक वाचवणारे रसायन) घातले आहे का, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही आणि नागपूरच्या उन्हात सर्वांत मोलाचे तेच असते.

बांधताना उतार ठेवावा, म्हणजे मध्ये पाण्याचा डोह साचणार नाही. टिनाची धारदार कड ताडपत्रीला घासते तिथे मध्ये पोत्याची घडी घालावी. दोरी आणि आयलेट (ताडपत्रीच्या कडेच्या छिद्रातली कडी) यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची रबरी पट्टी बांधल्यास वाऱ्याचा झटका रबर पचवते आणि आयलेट उपटत नाही. ओला शेतमाल मात्र घट्ट झाकू नये. जो पापुद्रा पाऊस बाहेर ठेवतो, तोच वाफ आत कोंडतो आणि दाण्याला बुरशी लागते.

फाटलेल्या जागी सायकलचे सोल्यूशन लावून उपयोग नाही, कारण पॉलिथिनला ते धरत नाही. त्याच ताडपत्रीचा तुकडा गरम हवेच्या यंत्राने जोडून घ्यावा. एलडीपीई सुमारे ११० अंशांना वितळते आणि एचडीपीई १३० च्या आसपास. एवढ्याच फरकात पापुद्रा वितळवून पट्ट्या शाबूत ठेवायच्या असल्याने हे काम सरावाच्या कारागिराकडेच द्यावे.