इसार देण्याआधी: कोल्हापुरात भाड्यासाठी फ्लॅट घेताना

भाड्यानं द्यायला म्हणून फ्लॅट घेणार असाल, तर बघायची एक फेरी जुलै-ऑगस्टमध्ये मारा, तीही पावसानं झोडपलेल्या दिवशी. दिवाळीत सगळ्याच इमारती छान दिसतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्यामुळं नागाळा पार्क, शाहूपुरी, दुधाळीकडं फ्लॅट बघताना नकाशावर पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा शोधाच, पण जिन्याखालचा मीटर बोर्डही बघा. आम्ही जयंती नाल्याच्या बाजूचा एक फ्लॅट जवळजवळ पक्का केला होता. तिसरा मजला, म्हणजे काळजी नाही असं धरलं होतं. मीटरच्या पेटीमागं, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, भिंतीला तपकिरी रेघ होती. तिच्या वर जुना रंग, खाली नवा. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "पंधरा दिवस लाईट नव्हती. वरचे भाडेकरू गेले ते परत आलेच न्हाईत." फ्लॅट कितीही वर असला तरी मीटर, मोटर आणि गाड्या खालीच असतात.

पाण्याचंही असंच. नळाला रोज येतं की दिवसाआड, उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे एजंटला नव्हे, शेजारणीला विचारा.

मग कागद. गावठाणातली किंवा पेठेतली मिळकत असेल तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, बाहेरची असेल तर सातबारा, फेरफार आणि एनएची, म्हणजे बिगरशेतीची, कागदपत्रं. कळंबा, पाचगाव, उचगावकडं गेलात की महापालिकेची हद्द संपते. शहरालगतच्या 42 गावांसाठी 2017 साली वेगळं विकास प्राधिकरण झालं, त्यामुळं बांधकामाची परवानगी कुणाची आणि कोणत्या तारखेची, ते पाहा. ग्रामपंचायतीत घरफाळा (घरपट्टी) भरल्याची पावती म्हणजे बांधकाम परवाना नव्हे. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे तिथं राहायला दिलेली परवानगी, मागा. "लवकरच मिळेल" या उत्तरावर इसार देऊ नका. नवा प्रकल्प असेल तर महारेरावर, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडं, नोंदणी बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे ठाम सांगा. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, म्हणून मिळकतीच्या जुन्या व्यवहारांचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतःच्या वकिलाकडून काढून घ्या. पेठेतल्या जुन्या वाड्यात भाडेकरू बसलेला असेल तर त्याला किती वर्षं झाली ते आधी विचारा. विक्री झाली म्हणून तो उठत नाही.

18 ऑगस्ट 2025 पासून इथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि "आता भाव बघा" हे वाक्य प्रत्येक एजंटच्या तोंडी आलं. मागणी वाढेलही, पण हिशेब आजच्या भाड्यावर करा. समजा फ्लॅट 40 लाखांचा आणि भाडं 11,000. वर्षात दोन महिने रिकामे धरले तर 1,10,000 येतात. मेंटेनन्सचे 18,000, घरफाळ्याचे 6,000, रंग-दुरुस्तीचे 12,000 वजा केले की हातात उरतात 74,000, म्हणजे दोन टक्क्यांपेक्षाही कमी. कर्जाचा हप्ता यातून फिटणार नाही. तो पगारातूनच जाणार, हे घरी बसून आधी ठरवा. भाड्यानं दिल्यावर घरफाळ्याची आकारणी किती होईल, तेही महापालिकेत विचारून घ्या. मुद्रांक शुल्काखेरीज नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 लागते. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (आयकर) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

भाडेकरू ओळखीतला असला तरी लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा, करार नोंदवाच. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिकणारी मुलं ठेवणार असाल तर पालकांचा नंबर घ्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या आणि किती जण राहणार तो आकडा करारात घाला. किल्ली देताना प्रत्येक खोलीचा, बेसिनखालच्या पाइपचासुद्धा, फोटो काढा. लाइट मीटरचं रीडिंग त्यांच्यासमोर कागदावर लिहा आणि खाली दोघांनी सही करा.