मजल्यांच्या घरासाठी वायफाय राउटर घेताय? या चुका टाळा

सोलापुरात जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, कुठेही जा, खाली पार्किंग किंवा दुकान, वर दोन मजले आणि गच्चीवर एक खोली, असंच घर दिसतं. पूर्व भागात तर खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड ही जुनीच रीत. अशा घरातून "वर रेंज येत नाही" म्हणून फोन येतो, तेव्हा राउटर बहुतेक वेळा चांगलाच निघतो. चुकलेलं असतं ते वेगळंच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अँटेना मोजून राउटर घेणं.

अक्कलकोट रोडच्या बाजूला एका घरी गेलो होतो. तळमजल्यावर माग, पहिल्या मजल्यावर कुटुंब, दुसऱ्या मजल्यावर मुलीची खोली. ती पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते. फायबरवाल्याने वायर आणली ती थेट कारखान्याच्या ऑफिसात, कारण रस्त्यालगतची पहिली भिंत तीच. राउटर ठेवला लोखंडी कपाटावर, भिंतीला टेकवून. मुलीची मीटिंग तुटायला लागली तेव्हा घरच्या अण्णांनी दुकानातला सगळ्यात महागडा राउटर आणला. मला म्हणाले, "आठ काड्यांचा घेतलाय बघा, तरी वर काहीच येईना. पीस खराब हाय काय की."

पीस ठणठणीत होता. उभ्या अँटेनाची लहर आजूबाजूला पसरते, डोक्यावर आणि पायाखाली ती सगळ्यात कमी असते. म्हणजे आठही काड्या उभ्या ठेवून त्यांनी कारखान्याला उत्तम वायफाय दिलं होतं. वर जाताना मध्ये दोन स्लॅब. स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते, काँक्रीट असतं, वर फरशी. राउटर दोन बँडवर, म्हणजे दोन प्रकारच्या लहरींवर चालतो. ५ गिगाहर्ट्‌झची लहर एका स्लॅबमध्येच निम्म्याहून जास्त जोर गमावते. २.४ ची थोडी वर पोचते, पण तिच्यावर शेजारच्या सगळ्या घरांची गर्दी. आणि लोक एक गोष्ट विसरतात: राउटरने कितीही जोरात पाठवलं तरी मोबाइललाही उलट उत्तर पाठवावं लागतं. मोबाइलची ताकद राउटरपेक्षा कमीच असते. राउटर महाग घेतल्याने ती वाढत नाही.

मी जायच्या आधी त्यांनी एक रिपीटरही (राउटरची लहर पकडून पुढे पाठवणारा डबा) घेतला होता आणि तो लावला मुलीच्या खोलीत, म्हणजे जिथे रेंज नाही नेमका तिथेच. मोबाइलवर काड्या फुल्ल, आणि नेट ठप्प. त्या काड्या दाखवतात मोबाइल आणि रिपीटर यांच्यातली रेंज. रिपीटरला खालून मुळात काय मिळतंय, हे त्या सांगत नाहीत. शिवाय स्वस्त रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि त्याच बँडवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. एकाने भागलं नाही म्हणून त्याच्यापुढे दुसरा रिपीटर लावणारेही मी पाहिले आहेत. रिपीटर लावायचाच तर रेंज चांगली आहे अशा जागी, जिन्याच्या वळणावर लावावा. माझ्या मते मात्र तो लावूच नये. दहा मिनिटांत काम होतं म्हणून लोक तो घेतात आणि मग वर्षभर वैतागतात.

अण्णांच्या घरी मी नवीन काही भारी आणायला लावलं नाही. पाण्याच्या पाइपांच्या डक्टमधून तांब्याची कॅट-६ (नेटची) वायर वर नेली आणि दुसऱ्या मजल्यावर जिन्यासमोर साधा ड्युअल बँड राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायरीतलं नेट वायफायने पसरवायला, बसवला. त्यातला डीएचसीपी (मोबाइल-लॅपटॉपला नेटवर्कमधला पत्ता वाटणारी सोय) बंद केला, कारण ते काम खालचा राउटर करतो, त्याचा आयपी (स्वतःचा पत्ता) बदलला आणि वायर लॅन पोर्टमध्ये घातली. दोन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, २.४ चे चॅनल मात्र वेगळे, खाली १ आणि वर ६, म्हणजे दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. मुलगी लॅपटॉप घेऊन गच्चीपर्यंत गेली तरी कॉल तुटला नाही.

मजल्यांच्या घरात माझा नियम हाच आहे: आधी वायर, मग राउटर. वायर घेताना मात्र 'सीसीए' लिहिलेली घेऊ नका. ती आतून अ‍ॅल्युमिनियम असते, वर नुसता तांब्याचा मुलामा. लाइटच्या वायरीच्या पाइपातून ती ओढू नका. गच्चीवरून न्यायची असेल तर बाहेरच्या वापराची काळी वायर घ्या, साध्या वायरीचं आवरण आपल्या उन्हात तडकतं. आणि ज्यांचं बांधकाम चालू आहे त्यांना हात जोडून सांगतो, प्लास्टर व्हायच्या आत प्रत्येक मजल्यावर एक रिकामा पाइप टाकून घ्या. टाइल्स निवडायला चार-चार दिवस घालवता, या पाइपाला गवंड्याचा अर्धा तासही लागत नाही.

भाड्याचं घर असेल, भिंत फोडता येत नसेल, तर मेश सेट (एकमेकांशी वायफायने जोडलेले दोन-तीन डबे) घ्या. पण त्याचे डबे प्रत्येक मजल्यावर एकाच जिन्याच्या रेषेत ठेवा. लहरीला स्लॅब फोडण्यापेक्षा मोकळ्या जिन्यातून जाणं सोपं. डबा बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवलात तर मेशचे पैसेही वाया.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. एसी १२०० म्हणजे दोन बँडच्या ३०० आणि ८६७ एमबीपीएस (वेगाचं माप) यांची बेरीज करून वर गोल केलेला आकडा, एका मोबाइलला तो कधीच मिळत नाही. त्यापेक्षा पोर्ट बघा. खोक्यावर 'गिगाबिट' लिहिलेलं नसेल आणि पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील, तर २०० चा प्लॅन घेऊनही शंभराच्या आतच राहाल.

राउटर फ्रिजमागे, आरशामागे, देवघराच्या कप्प्यात, टीव्हीच्या पाठीमागे ठेवू नका. दिसायला बरं दिसत नाही म्हणून लोक तो लपवतात. लपवलेला राउटर कामाचा राहत नाही.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राउटर नको. घरगुती राउटरवर चालण्याचं तापमान बहुतेक वेळा ४० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. इथे मे महिन्यात बाहेरचाच पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. दुपारी नेट जातं आणि रात्री आपोआप येतं, अशी तक्रार असेल तर आधी राउटरला हात लावून बघा.

लाइट गेल्यावरही नेट हवं म्हणून मिनी यूपीएस घेता, तेव्हा अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर वाचून घ्या. आणि फायबरची वायर जिथे येते त्या डब्यालाही बॅकअप द्या. नुसता राउटर चालू राहून काही उपयोग नाही.

खरेदीच्या आधी एक काम करा. मोबाइलवर वायफाय मोजायचं साधं अ‍ॅप घ्या आणि आहे तो राउटर जिन्याजवळ, मधल्या मजल्यावर तात्पुरता ठेवून सगळ्या खोल्या फिरा, दारं लावून. अँटेना दोन-तीन असतील तर एक आडवी करून बघा. अ‍ॅपमधला आकडा उणे डीबीएममध्ये येतो, शून्याच्या जितका जवळ तितका बरा. तो उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून बरा असेल तर व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ८० च्या पलीकडे गेला तर त्या मजल्यावर वायर न्यावीच लागेल. ज्या खोल्यांत आकडा पडतो त्या कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.