जुनी लाकडी काटवट, देव्हारा, नक्षीचे घोडे घरात मांडताय? या चुका टाळा

खानापूरकडचं आमचं जुनं घर पाडायला काढलं तेव्हा मावशीनं फणसाच्या लाकडाची काटवट, म्हणजे पीठ मळायची परात, माझ्या हातात दिली. "ने बघू, नाहीतर चुलीत जाईल की." मी ती बेळगावात टिळकवाडीतल्या फ्लॅटवर आणली, आल्या आल्या साबणानं खसाखसा घासली, गच्चीवर चैत्राच्या उन्हात टाकली आणि संध्याकाळी वर शेंगतेल चोपडलं. एका दिवसात तीन चुका. दुसऱ्या दिवशी तळाला बोटभर चीर दिसली आणि काही आठवड्यांनी तिला खवट वास सुटला.

चिरेचं कारण साधं आहे. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. फुगताना-आक्रसताना ते रेषांच्या आडवं हलतं, लांबीत जवळजवळ नाहीच. भिजलेलं लाकूड उन्हात ठेवलं की वरचा थर पटकन आक्रसतो, आतला फुगलेलाच राहतो, मग ते फाटतं. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाऱ्याला ठेवलं असतं तर काही झालं नसतं.

याहून मोठी चूक पुढची. मे महिन्यात मी त्या चिरेत गोंद आणि लाकडाचा भुसा ठासून भरला. आपल्याकडं मार्च-एप्रिलात हवा कोरडी असते आणि जूनपासून धुकं, पाऊस. कणकुंबीकडं तर आठवडा-आठवडा कपडे वाळत नाहीत. पावसाळ्यात लाकूड फुगलं, पण चिरेत सरकायला जागाच नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरी चीर गेली. म्हणून सांगते, जुनी वस्तू घरात आली की तिला एक उन्हाळा आणि एक पावसाळा नुसतं बघा. कितीतरी चिरा आषाढात आपणहून मिटतात. अगदीच भरायची असेल तर मऊ मेण भरा, ते लाकडाबरोबर दबतं.

तेल कुठलं?

शेंगतेल आणि खोबरेल कधीच सुकत नाहीत. चिकट होतात, धूळ धरतात, खवट होतात. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, म्हणून सुतार तेच वापरतात. अगदी पातळ हात द्या, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून काढा आणि कितीतरी दिवस वाळू द्या. दुकानात 'उकळलेलं' म्हणून मिळतं त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. ज्या भांड्यात पीठ मळणार त्याला ते नको. आणि हे नीट लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर मोकळी पसरून वाळवा, मगच टाका.

भोकं जुनी की नवी?

जुन्या लाकडाला बारीक भोकं असतात, ती लाकूड खाणाऱ्या भुंग्याची. म्हणून घरात आणायच्या आधी वस्तू आठवडाभर काळ्या कापडावर ठेवा. खाली पिठासारखा भुगा पडला तर भुंगा जिवंत आहे आणि तो घरातल्या दुसऱ्या लाकडी सामानापर्यंतही पोचू शकतो. लोक रॉकेल चोपडतात. ते आतपर्यंत जात नाही, वास मात्र वर्षभर जात नाही. छोट्या वस्तूला थंडीचा उपाय चांगला. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर वस्तूला घाम सुटतो. (ओळखीचा आइस्क्रीमवाला असेल तर काम सोपं. माझा होता, पण पिशवीत काय आहे हे त्याला तीनदा सांगावं लागलं.) देव्हाऱ्यासारख्या मोठ्या वस्तूला कीड मारणारा माणूसच बोलवा.

रंग खरवडताना

जुन्या चौकटी, घोडे, गणेशपट्ट्या यांच्यावर ऑइल पेंटचे थरावर थर असतात. रंगातल्या शिशावर आपल्या देशात 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर उडते आणि ती सगळ्यात घातक लहान मुलांना. घासायचंच असेल तर ओलं घासा, मुलांना लांब ठेवा. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तर बुडवूच नका, नक्षीच्या कडा मऊ होऊन झडतात. मला विचाराल तर उडालेल्या हिरव्या रंगाचा घोडा, नुसता पुसून, चकचकीत पॉलिश केलेल्या घोड्यापेक्षा कितीतरी देखणा दिसतो. पॉलिशवाला हॉटेलच्या लॉबीतला वाटतो.

घेताना फसू नका

नवं लाकूड चहाच्या पाण्यानं आणि बुटाच्या पॉलिशनं जुनं करता येतं. पण लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, काढलेला वाडगा वर्षानुवर्षं सुकताना आडवा जास्त आक्रसतो आणि किंचित लंबगोल होतो. टेप घेऊन तोंड दोन्ही दिशांनी मोजा. अगदी चोख गोल भरला तर शंका घ्या. झीजही बघा: हात लागतो तिथं कड गुळगुळीत हवी, खोबणीच्या तळाशी नको. आणि शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू परदेशातल्या लेकाकडं पाठवायचा बेत असेल तर तो सोडा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं तशी वस्तू खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही.

मांडताना पितळी उरळीची (पाण्यात फुलं सोडायच्या पसरट भांड्याची) नक्कल करून लाकडी वाडग्यात पाणी आणि फुलं सोडू नका. आत खिळा असेल तर पाणी, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून काळा डाग पडतो. फुलं हवीतच तर आत काचेची वाटी ठेवा. एसीच्या झोतासमोर नको, आणि पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवून तर नकोच. तिथं ओल आणि वाळवी दोन्ही येतात.

मी काटवट भिंतीवर टांगायला तळात स्क्रू मारणार होते. मावशी नेमकी त्याच दिवशी आली. "भोक कशाला पाडतीस गं? उद्या भाकरी थापायला लागली तर?" आता ती लाकडी ताटाळ्यावर तिरकी उभी आहे, भिंतीपासून चार बोटं पुढं, दोन्ही चिरांसकट.